कामावाचून मिरजेला

दक्षिण महाराष्ट्रात आणि कृष्णेपलीकडच्या कर्नाटकात मिरजेला जाण्याची कारणे पिढ्यानपिढ्या दोनच सांगितली जातात: घरात कोणी आजारी आहे, किंवा गाडी बदलायची आहे. पहिल्या कारणाचे मूळ 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी शल्यचिकित्सकाने येथे उघडलेल्या रुग्णालयात आहे. आणि पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगावकडून व पंढरपूरकडून येणारे लोहमार्ग याच एका स्थानकात मिळतात, हे दुसऱ्याचे. या दोन्ही कारणांनी आलेल्या माणसाला गाव दिसत नाही. एकाचे लक्ष खाटेवरच्या रुग्णाकडे असते आणि दुसऱ्याचे फलाटावरच्या घड्याळाकडे. इतकी माणसे ज्या गावाला येऊन गेली, त्या गावाला पाहुणा म्हणून मात्र फारसे कोणी आलेले नाही, आणि म्हणूनच सेवानिवृत्तीनंतर आगगाडीने चार दिवस कोठे जाऊन यावे असे कोणी विचारले, तर तीर्थक्षेत्राचे किंवा थंड हवेच्या ठिकाणाचे नाव न घेता मी मिरजेचे नाव घेतो.

आमच्या पिढीतील निवृत्त मंडळींचे प्रवास बहुधा यात्रा कंपन्यांच्या स्वाधीन असतात. त्यांत गैर काही नाही. काशी-रामेश्वर घडावे ही इच्छा पिढीजात आहे, आणि म्हातारपणी सामानाची व जेवणाची काळजी दुसऱ्याने वाहावी हेही रास्तच आहे. परंतु पहाटे पाचला उठवणारी, दुपारी तीन देवळे दाखवणारी आणि रात्री दहाला उद्याचा कार्यक्रम वाचून दाखवणारी ती यात्रा पाहिली, की मनुष्य एका कचेरीतून सुटून दुसऱ्या कचेरीत रुजू झाला असे वाटते. माझी उभी हयात महसूल खात्यात गेली. जमाबंदीच्या दिवसांत गावोगाव मुक्काम पडत. परंतु त्या प्रत्येक मुक्कामाचे प्रयोजन भत्त्याच्या देयकावर लिहावे लागे, आणि ज्या गावी सरकारी प्रयोजन नाही त्या गावी जाणे हा विचारच मनात येत नसे. निवृत्तीने जे अनेक हक्क माणसाला मिळतात, त्यांत कामावाचून एखाद्या गावी जाऊन बसण्याचा हक्क मला सर्वांत मोलाचा वाटतो. आणि ज्या गावात इतर माणसे अद्याप मन लावून काम करीत आहेत, तेथे तो बजावण्यात विशेष समाधान आहे.

जायचे ते दिवसाच्या गाडीने. पुण्याहून मिरज सुमारे 280 किलोमीटर असून रात्रीच्या गाडीने निजल्या निजल्या पोहोचता येते, आणि 2024 च्या सप्टेंबरपासून वंदे भारतही या मार्गावर धावू लागली आहे. परंतु ज्याला वेळेची वाण नाही त्याने कोयना एक्स्प्रेससारखी, लहान स्थानकांचाही मान राखणारी गाडी धरावी आणि खिडकीची जागा मागून घ्यावी. भाड्याविषयी येथे स्पष्टच लिहितो. साठी ओलांडलेल्या पुरुषांना तिकिटात 40 टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना 50 टक्के सवलत असे, ती मार्च 2020 मध्ये साथीच्या निमित्ताने काढून घेतली गेली, आणि साथ ओसरल्यावरही हे लिहीपर्यंत ती परत मिळालेली नाही. आमच्या डब्यात एक निवृत्त शिक्षक होते, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी होती. आम्हां सर्वांचे संभाषण जेजुरीच्या आतच या विषयावर आले. त्या बाईंनी सांगितले की पूर्वी माहेरी वर्षातून तीनदा जाणे होई, ते आता एकदा होते. निवृत्तिवेतन ज्यांना पुरेसे आहे त्यांना या सवलतीची मातब्बरी कळणार नाही. ज्यांना ते नाहीच, अशा असंख्य वृद्ध स्त्रियांची माहेरे यामुळे दूर गेली आहेत, आणि ती सवलत पूर्ववत करणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे माझे ठाम मत आहे.

पुणे सोडून गाडी शिंदवण्याच्या घाटात वळणे घेऊ लागली की शहर खाली राहते. मग आंबळे, राजेवाडी, आणि डाव्या-उजव्या खिडक्यांतून एकाच वेळी हात जोडले जातात ती जेजुरी. वाल्ह्यानंतर नीरा नदी ओलांडली जाते, लोणंदला बाजाराचा कांदा फलाटापर्यंत आपला वास पोहोचवतो, आणि सालप्यापुढे आदर्कीच्या घाटात बोगद्यांच्या अंधाराआड गाडी नीरेचे खोरे सोडून कृष्णेच्या खोऱ्यात प्रवेश करते. वाठार येथे आज फार थोडे लोक उतरतात; पण मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी महाबळेश्वरला जाणारे साहेब व सावकार याच स्थानकावर उतरून टांग्यांची व्यवस्था पाहत. साताऱ्यास कंदी पेढ्यांचे पुडे खिडकीतून आत येतात. गावापासून दूर, माहुलीच्या बाजूस असलेले हे स्थानक सातारकरांना नेहमीच गैरसोयीचे वाटत आले आहे.

कोरेगाव, रहिमतपूर, मसूर ही नावे ज्यांच्या कानांवर इतिहासाच्या पुस्तकांतून पडली आहेत, त्यांनी ती पिवळ्या फलकांवर वाचताना थोडे सावरून बसावे असा हा टापू आहे. कराडचे स्थानक ओगलेवाडीला लागून आहे, आणि ओगले बंधूंच्या काचकारखान्यातून निघालेल्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आमच्या वयाच्या कित्येकांनी पाढे पाठ केले आहेत. त्यापुढे उसाची शेते रुळांना इतकी खेटून येतात की हात लांबवला तर पाते लागेल.

किर्लोस्करवाडीला मात्र मी नेहमीच उठून दारापाशी जातो. 1910 साली येथे केवळ कुंडल रोड नावाचे एक स्थानक आणि त्याभोवती निवडुंगाने भरलेला माळ होता. बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेल्यामुळे विस्थापित झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ती जमीन दिली, आणि लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्याबरोबर एक संपूर्ण गाव उभे राहिले. याच माळावरून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि पाठोपाठ 'स्त्री' व 'मनोहर' निघाली. नांगराच्या कारखान्याच्या आवारातून मराठी मध्यमवर्गाचे वाचन घडवणारी मासिके बाहेर पडली, ही गोष्ट मला कारखान्याइतकीच महत्त्वाची वाटते; आणि दोहोंच्याही मुळाशी हे लहानसे स्थानक आहे, कारण ज्या गाडीत नांगर चढत त्याच गाडीत टपालाच्या थैल्याही चढत. पुढचे भिलवडी स्थानकही तसेच. भास्कर गणेश चितळे यांनी 1939 मध्ये दुधाच्या धंद्यासाठी हे गाव निवडले, त्यात या लोहमार्गाचा मोठा वाटा होता. मोटाररस्त्याने जाणाऱ्यास या गावांची नावे दिसतात. ती येथेच का वसली, हे रेल्वेने गेल्यावाचून समजत नाही.

सांगली, विश्रामबाग, आणि मग मिरज जंक्शन.

हे स्थानक थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. 1927 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची गाडी पंढरपूरहून येथवर आली. पुण्याचा मीटरगेज मार्ग 1971 मध्ये रुंद झाला, लोंढ्याकडचा मात्र पुढे बरीच वर्षे तसाच राहिला. आणि त्या काळात रुंद, मध्यम व अरुंद असे तिन्ही प्रकारचे रूळ मिरजेत शेजारी शेजारी नांदत होते. त्या दिवसांतली हमालांची ये-जा, एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरलेले गूळ-हळदीचे ढीग, आषाढीच्या वारकऱ्यांनी फलाटावर धरलेले भजनाचे फड, हे सर्व जुने रेल्वेकर्मचारी अजून तपशिलाने सांगतात. पंढरपूरचा मार्गही आता रुंद झाला आहे. त्याच मार्गावरून 2016 च्या एप्रिलमध्ये, लातूर तहानेने व्याकूळ झाले असता, मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली 'जलदूत' गाडी गेली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. मिरजेच्या स्थानकावर कोणाही वृद्धाला त्या गाडीविषयी विचारावे, त्याचा चेहरा उजळतो. आपल्या गावाने दुसऱ्या गावाला पाणी पाजले, यापेक्षा निराळे भूषण त्याला नको असते.

स्थानकाबाहेर पडल्यावर औषधांची दुकाने, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या खानावळी यांची रांग लागते. कानडी आणि मराठी येथे एकाच वाक्यात बोलल्या जातात. क्ष-किरणांचे मोठे पिवळे पाकीट काखेत धरलेला शेतकरी आणि त्याच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली त्याची आई, असे दृश्य दर दहा पावलांवर दिसते. या भागातून मान खाली घालून वेगाने पुढे जाऊ नये. येथील परिचारिका, खानावळवाले आणि रिक्षावाले परगावच्या भांबावलेल्या माणसाशी ज्या सबुरीने बोलतात, ती सबुरी शंभर वर्षांहून अधिक काळाच्या सवयीने आलेली आहे.

किल्ला, लक्ष्मी मार्केट, गणेश तलाव ही पटवर्धन संस्थानिकांच्या गावाची ठळक स्थळे पायी हिंडून होतात. नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत पहिले पाऊल रंगभूमीवर टाकले तेही याच गावात. परंतु ज्याच्यासाठी मी मिरजेला पुन्हा पुन्हा जाण्यास तयार असतो, ती गोष्ट सतारमेकर गल्लीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास येथील शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार व पाणी देणाऱ्यांचे, काम संपुष्टात येऊ लागले. लढायाच राहिल्या नव्हत्या. दरबारात गवई होते, त्यांची वाद्ये उत्तरेकडून येत आणि बिघडली की दुरुस्तीला माणूस नसे. फरीदसाहेब या शिकलगाराने ते काम हाती घेतले, आणि त्यांच्या घराण्यातून व शिष्यांतून तंतुवाद्ये करणाऱ्यांची ही वसाहत वाढली. भारतातले थोर गवई ज्या तंबोऱ्यांच्या आधाराने गायले, त्यांपैकी कितीतरी या अरुंद गल्लीत घडले आहेत. दुतर्फा दुकाने, दुकानांपुढे उन्हात ठेवलेले भोपळे, आत लाकडाचा भुसा आणि सरसाचा उग्र वास.

भोपळा म्हणजे कडू भोपळा. तो भाजीचा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे शेतकरी तो मुद्दाम पिकवतात, वेलीवरच वाळू देतात. कारागीर तो वरून कापतो, बिया व गर काढतो, पाण्यात भिजवून मऊ करतो आणि आतून काठ्यांचा ताण देऊन त्याचे तोंड हव्या त्या रुंदीला आणून पुन्हा सुकवतो. त्यावर तुनीच्या लाकडाची तबली बसते, गळा आणि दांडी जोडली जाते, जोडावर लाकडी पानांची नक्षी चढते. हे सर्व पाहण्यास मिळते, कारण काम दाराशीच चाललेले असते.

पत्नी आणि मी ज्या दुकानाच्या पायरीवर थांबलो, तेथे साठीच्या आसपासचे एक कारागीर मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसले होते.

"घाईत आलाय का साहेब?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"नाही."

"मग बसा की वर. ताई, तुम्ही पण बसा."

ते जवारी काढीत होते. तबलीवरच्या घोडीचा माथा दिसायला सपाट असला तरी त्याला अगदी किंचित उतार असतो, आणि तार त्या उतारावर एका बिंदूत न टेकता थोडी लोळते, म्हणून तंबोऱ्याचा स्वर एकटा न येता आपल्याबरोबर वरच्या स्वरांचा सगळा परिवार घेऊन येतो. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात आणि तो परिवार हळूहळू निघून जातो. कारागिरांनी तार बाजूला केली, कानशीने घोडीवर दोन हात फिरवले, बोटाने भुकटी पुसली, तार पुन्हा बसवून छेडली, ऐकले, आणि तार पुन्हा बाजूला केली. हा क्रम किती वेळ चालला याची गणती मी ठेवली नाही. प्रत्येक वेळी काढलेली भुकटी इतकी थोडी होती की नखावर मावावी. शेवटी त्यांनी तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला, तो सुईच्या टोकाइतका मागेपुढे केला, आणि एका ठिकाणी तार जी लागली ती थांबेचना. मघापर्यंत लाकडावर बोट आपटल्यासारखी वाजणारी तीच तार आता त्या लहानशा खोलीच्या चारही भिंतींतून ऐकू येऊ लागली. त्यांनी पितळी खर्जाची तार छेडली तेव्हा शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली दुसरी वाद्येही मंदपणे बोलू लागली. माझी पत्नी लहानपणी गाणे शिकली होती. तिने डोळे मिटून षड्ज लावला. कारागीर हसले नाहीत, आश्चर्यचकितही झाले नाहीत; त्यांनी तिच्या स्वराला तंबोरा किंचित चढवून घेतला.

या कानाची परंपरा मिरजेत कशी रुजली, ते ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेल्यावर कळते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, ते गल्लीतल्या कारागिरांजवळ तासन् तास बसून तंबोऱ्याच्या स्वराची चिकित्सा करीत. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 साली याच गावचा. 27 ऑक्टोबर 1937 रोजी खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले असता वाटेत छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहान स्थानकावर उतरले. तेथेच फलाटावर अंथरूण घालून त्यांनी नमाज पढला, तंबोरा जुळवून घेतला आणि गात गात देह ठेवला, असे सांगतात. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या परिसरात दफन केले गेले. मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि तीत हजेरी लावणे गवई आपले भाग्य समजतात. याच उरुसात गलेफाचा पहिला मान चर्मकार समाजाचा असतो, हेही तेथील खादिम आवर्जून सांगतात.

खाँसाहेबांबरोबर स्वरशास्त्राच्या प्रयोगांत भाग घेणारे एक गृहस्थ माझ्या विशेष आदराचे आहेत. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन सांगलीस राहिले आणि त्यांनी बावीस श्रुतींच्या मापनाचा ध्यास घेतला. गवयाच्या गळ्यातून निघालेला स्वर तारेच्या लांबीवर मोजून त्याचे गणित मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1910 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातील निष्कर्षांवर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. वाद काहीही असोत. जमिनीच्या मोजणीत ज्याचा उमेदीचा काळ गेला त्या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर तीच काटेकोर दृष्टी स्वरांच्या मोजणीकडे वळवली, हा वस्तुपाठ माझ्यासारख्या मामलेदार कचेरीतल्या माणसाला फार जवळचा वाटतो. दृष्टी अधू झालेल्या मुलाला गाणे शिकण्यासाठी ज्या गावी ठेवले, आणि जेथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली तो विष्णु दिगंबर पलुसकर झाला, तेही मिरजच. 1896 मध्ये त्यांनी हे गाव सोडले, लाहोरला 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढले, आणि 1931 मध्ये त्यांचा अंत झाला तो पुन्हा मिरजेतच.

गल्लीतील आजची स्थिती मात्र निर्वेध नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद दुकानोदुकानी दिसतो, आणि परदेशाहून मागणीही येते. पण शिकाऊ मुलगा मिळत नाही. भोपळा सुकायला जितका वेळ लागायचा तितका लागणारच, आणि हात बसायला त्याहून कितीतरी अधिक. तेवढे थांबण्यापेक्षा मुलगा औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम धरतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दुसरीकडे विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याच्या पेटीने आणि आता मोबाइलने घरोघरचे लाकडी तंबोरे कोपऱ्यात उभे केले आहेत. पेटी सोयीची आहे, प्रवासात तिला पर्याय नाही, हे मान्यच. परंतु जवारी काढल्यानंतरचा तो स्वर ज्याने हातभर अंतरावरून ऐकला, त्याला पेटीचा स्वर तंबोऱ्याऐवजी चालेल असे म्हणवणार नाही. निवृत्तांच्या घरांत असे मुके तंबोरे पुष्कळ आहेत. आईचे, आत्याचे, लग्नाआधी गाणाऱ्या बायकोचे. ते पुन्हा बोलते झाले तर गल्लीतल्या माणसांना काम मिळेल, आणि त्या घरातल्या माणसांनाही.

आमच्याच घरी माझ्या सासूबाईंचा तंबोरा कपाटाच्या माथ्यावर आडवा पडून आहे. दुसऱ्या दिवशी पत्नीने मला न विचारता पुन्हा त्याच दुकानाची पायरी गाठली आणि कारागिरांना त्याची हकीकत सांगितली. त्यांनी हातातले काम थांबवले.

"मिरजेचाच हाय का?"

"आई म्हणायची, इथलाच. आत कागद चिकटवलेला आहे, पण नाव वाचता येत नाही."

"असू दे, आम्ही वाचू. भोपळ्याला चीर?"

"केसाएवढी एक आहे. खालच्या बाजूला."

"जवारी कधी काढलेली?"

ते तिला आठवेना. कारागिरांनी कागदाच्या चिठोऱ्यावर काही लिहिले नाही की विसार मागितला नाही. फक्त सूचना दिल्या, त्या मी माझ्या वहीत टिपून घेतल्या. पार्सलने पाठवायचा नाही, स्वतः घेऊन यायचा. निघण्यापूर्वी चारही खुंट्या सैल करायच्या, पण तारा काढायच्या नाहीत, म्हणजे घोडी जागची हलत नाही. गवसणीच्या आत भोपळ्याभोवती जुनी रजई गुंडाळायची. वरच्या बर्थवर ठेवायचा नाही, गाडी घाटात हलते. खालच्या बर्थवर खिडकीकडे भोपळा आणि वाटेकडे दांडी करून आडवा ठेवायचा, आणि एकाने त्याच्यापाशी बसून राहायचे.

"आणि पावसाळा टाळा," ते पत्नीला म्हणाले. "दिवाळी झाली की या. चार दिवस राहायचं बघा म्हणजे ताई, तुमच्या समोरच जवारी काढू. तुमचा षड्ज ऐकल्याबिगर मला ती लावता यायची नाही."